वत्सलाबाईचा फोन जपानला जातो

वत्सलाबाईला सकाळी कुणी विचारलं, की काय चाललंय, तर ती भाकरी थापता थापता मान वर न करता सांगते, "पोलंडला जाऊन आले." जुनं गिऱ्हाईक असलं तर नुसतं हसतं आणि ठेचा जास्त मागून घेतं. नवं असलं तर आधी तव्याकडं बघतं, मग तिच्या कपाळाला लागलेल्या पिठाकडं बघतं आणि बाईचं काहीतरी बिनसलंय असं धरून चालतं. वत्सलाबाईला दोघांचंही काही वाटत नाही. ती आयुष्यात जिल्ह्याबाहेर एकदाच गेली, तीही वापीला, चुलत दिराच्या लग्नाला. येताना घाटात गाडी लागली आणि पुन्हा कुठं म्हणून जायचं नाही असं तिनं ठरवून टाकलं. फोन मात्र तिचा फिरतो. तो पोलंडला जाऊन आला, कतारला जाऊन आला आणि मागच्या महिन्यात जपानला गेला. सांगण्यासारखं आहे ते जपानचं.

बाई मूळची सुरगाण्याकडची, भोयांची सून. आता नाशिकरोडला एका सोसायटीच्या फाटकाशी टपरी टाकून नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरी विकते. नवरा काळू त्याच सोसायटीचा वॉचमन, राहायला फाटकामागची खोली. ही भाकरी काळी दिसते म्हणून पूर्वी शहरातलं कुणी तिला तोंड लावत नसे. मग डॉक्टरांनीच साखर असलेल्यांना नागली खायला सांगायला सुरुवात केली आणि वत्सलाबाईची टपरी चालू लागली. या बदलाचं श्रेय ती डॉक्टरांना देत नाही. "भाकर पहिल्यापासनं चांगलीच व्हती," ती म्हणते, "लोकांना कळायला उशीर झाला."

सोसायटीत येण्याआधी ही दोघं दरसाल द्राक्षबागांवर कामाला यायची. सुरगाणा-पेठकडची माणसं भात-नागली घरात आली की दिंडोरीकडं, निफाडकडं उतरतात. त्याला तिकडं जगायला जाणं म्हणतात. जगायला गेलेल्या माणसाचा एक नेम असतो. मागं राहिलेल्यांना निरोप धाडायचा तो एकच, बरं हाय. हात कापला तरी बरं हाय, पोर तापानं फणफणलं तरी बरं हाय. वाईट काय असेल ते घरी परतल्यावर, चुलीपाशी बसून, आपण समोर धडधाकट दिसत असताना सांगायचं. लांबून कळलेल्या वाईटाचं ऐकणाऱ्याला काही करता येत नाही, तो नुसता झुरत बसतो, म्हणून हा नेम. वत्सलाबाईनं तो कडक पाळला. पूजा, तिची एकुलती एक पोर, तीन वर्षांची असताना छातीत कफ होऊन सिव्हिलमध्ये पडली होती. बाटली चालू होती, आणि गावाकडं निघालेल्या माणसाबरोबर वत्सलाबाईनं आईला निरोप दिला, की बरं हाय, पोरगी दूध पिती.

तीच पोरगी पुढं पळायला लागली. म्हणजे पळत ती आधीपासूनच होती, पण शाळेतल्या मास्तरांनी घड्याळ लावून बघितलं आणि मग ते लोकांना दिसलं. तालुका झाला, जिल्हा झाला, राज्य झालं. खेळाडूंच्या कोट्यातून मनमाडला रेल्वेत नोकरी लागली. दहा हजार मीटर ही तिची शर्यत, म्हणजे मैदानाला पंचवीस फेऱ्या. आता ती देशाकडून परदेशात पळायला जाते, आणि वर्तमानपत्रात पूजा भोये हे नाव कोपऱ्यात का होईना, येतं.

आईनं मात्र तिला धड पळताना कधी बघितलं नव्हतं. ऐकणाऱ्याला हे खरं वाटत नाही. सुरुवातीला टपरी सोडून जाणं जमलं नाही, आणि जमायला लागलं तेव्हा पूजाच नको म्हणाली. "तू दिसलीस की माझे पाय जड होत्यात, आई. तू येऊ नको. मी फोन करते ना." आणि ती करायचीही. शर्यत संपली, की घाम पुसायच्या आत फोन. "बरी झाली, आई." कधी तिसरी, कधी पाचवी, कधी नंबर सांगायची नाही, पण बरी झालीच. फोनवर पूजा कधी हरलीच नाही.

वत्सलाबाई हे सगळं खरं धरून चालली होती. मग दोन वर्षांपूर्वी पूजा दिवाळीला घरी आली आणि आईनं तिच्या पायाला तेल लावायला घेतलं. अंगठ्याची दोन्ही नखं गेलेली, घोट्यावर टाक्यांची खूण. विचारल्यावर पूजानं सहज सांगितलं, की ते मागच्या बरी झालेल्या शर्यतीतलं, तिथून स्ट्रेचरवर नेलं होतं. आता बरं हाय. वत्सलाबाई तेल चोळत राहिली. तिला राग आला, पण तो कुणावर काढावा ते समजेना, कारण ही विद्या पोरीनं तिच्याकडूनच उचलली होती. त्या दिवशी तिनं मनाशी धरलं, की एक शर्यत, पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत, आपल्या डोळ्यांनी बघायची. कुणी सांगितलेली नाही, बघितलेली. धरलं म्हणजे धरलं.

इथपर्यंत सोपं होतं. अडचण अशी, की बाहेरच्या देशातल्या या शर्यती आपल्याकडच्या टीव्हीवर कुणी दाखवत नाही. त्या त्या देशातलं एखादं चॅनेल त्या देशापुरत्या दाखवतं. वत्सलाबाईनं फोनवर पान शोधून काढलं, चौकटीवर बोट ठेवलं, आणि काळ्या पडद्यावर पांढरी ओळ आली. ती तिनं काळूकडून वाचून घेतली, त्यालाही कळेना, मग फोनलाच तिचं मराठी करायला लावलं. हा कार्यक्रम आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही.

"माझी पोरगी," वत्सलाबाई म्हणाली, "आनि मलाच उपलब्ध नाय?"

हा तिला सरळसरळ अपमान वाटला. चार दिवस ती येणाऱ्या जाणाऱ्याला ही ओळ ऐकवत होती. त्यात एक गिऱ्हाईक सविताताई निघाल्या. बी विंगमध्ये राहतात, नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेल्या, साखरेमुळं भाकरीच्या रोजच्या. त्या म्हणाल्या, "अगं, आमच्या मुलीचं, मीनाचं तेच रडगाणं होतं. कॅनडात बसून तिला मराठी मालिका दिसायची नाही. मग तिनं ते व्हीपीएन घेतलं. फोन असतो कॅनडात आणि सांगतो, मी भारतात आहे. आता माझ्याआधी तिला कळतं सासूनं काय केलं ते."

वत्सलाबाईचा हात पिठातच थांबला. "म्हंजी ती तिथं बसून इथली होती?"

"होते की."

"मग मी इथं बसून तिथली का नाय व्हनार?"

सविताताईंना हे सुचलंच नव्हतं. कुणी कॅनडातून नाशिकला येण्याची खटपट करेल हे त्यांना पटत होतं, पण नाशिकरोडची बाई उलटी निघेल हे त्यांच्या डोक्यात कुठून येणार.

पहिला प्रयत्न पोलंडचा. नाशिकच्या द्वारका चौकात हर्षल म्हणून एकाचं मोबाईलचं दुकान आहे, त्यानं फुकटातलं एक ॲप टाकून दिलं. फोन पोलंडला पोचला, पण एकदम बिनबोभाट पोचला नाही. जाहिराती पोलिशमध्ये यायला लागल्या. नकाशावर टपरीच्या जागी कुठलं तरी चर्च दिसायला लागलं. आणि पैशांचं ॲप उघडेना. फोन पोलंडात आणि भाकरी नाशिकरोडला, असा सगळा घोळ. त्या दिवशी लोकांनी भाकरी उधारीवर नेल्या आणि शर्यत बारा फेऱ्यांनंतर गोठली ती गोठलीच. कतारच्या वेळी टीव्ही लागलाच नाही, तिथला रेडिओ लागला. वत्सलाबाई अर्धा तास अरबी ऐकत बसली. माणूस कधी सावकाश बोलायचा, कधी एकदम वर चढायचा, आणि त्यात दोनदा पूजा हे नाव आलं. ते कौतुकानं आलं की कीव करून, हे तिला शेवटपर्यंत समजलं नाही. त्यावर पूजाचा फोन. "बरी झाली, आई."

दुसरी एखादी असती तर तिथं हात जोडले असते. वत्सलाबाईचं म्हणणं असं, की दोनदा अर्धी झाली म्हणजे मिळून एक पुरी झाली. आता नुसती सलग व्हायची राहिलीये. जपानची तारीख कळली तशी ती तयारीला लागली. सविताताईंच्या मीनानं कॅनडातून आपल्या पैसे भरलेल्या ॲपमध्ये हिचा फोन जोडून दिला, एका वर्गणीत पाच फोन चालतात म्हणे. शर्यत तिथं संध्याकाळी, म्हणजे इथं दुपारी तीनला, हे तर देवानंच जुळवल्यासारखं झालं, कारण तीनला टपरीवर माशी नसते. दोन दिवस आधीपासून तिनं रंगीत तालीम केली. फोन जपानला न्यायचा, चॅनेल लावायचं, परत आणायचा. तालमीत एक माणूस अख्खा वेळ मासा कापत होता. काळूला तो फार आवडला. दुसऱ्या दिवशी तो आपणहून म्हणाला, "लाव ना तो मासेवाला."

पूजाला यातलं काही माहीत नव्हतं. सांगितलं तर तिचे पाय तिथंही जड होतील, ही आईला भीती.

त्या दिवशी वत्सलाबाईनं अडीचला तवा उतरवला, हात धुतले आणि खोलीत येऊन फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला. काळूनं फाटकावर दुसऱ्याला बसवलं आणि युनिफॉर्मची टोपी काढून शेजारी बसला. यादीत जपानची दोन शहरं होती, टोकियो आणि ओसाका. तिनं टोकियो दाबलं. हिरवी खूण आली. चॅनेल लागलं. लाल मैदान, निळं आकाश, आणि रांगेत उभ्या पोरी. त्यात एक सावळी, बुटकी, वेणी घट्ट बांधलेली.

"ती बघ," काळू म्हणाला.

"दिसती मला."

बार उडाला. पोरी निघाल्या. वत्सलाबाईला वाटलं होतं आपण रडू, पण रडू आलं नाही. ती इतकी लक्ष देऊन बघत होती की रडायला सवडच नव्हती. पूजा मधल्या घोळक्यात होती, सहावी-सातवी. हात अंगाजवळ, मान ताठ, तोंड मिटलेलं. लहानपणी रागावून घरातून निघाली की अशीच निघायची. पडद्याच्या कोपऱ्यात राहिलेल्या फेऱ्यांचा आकडा होता. जपानी माणूस काय बोलत होता ते कळत नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. आकडा कमी होत होता. अठरा. सतरा. सोळा.

आणि पडदा काळा झाला. त्यावर पांढरी ओळ. या खेपेला ती जपानी अक्षरांत होती, पण या ओळीला वत्सलाबाई आता कुठल्याही लिपीत ओळखत होती.

"झालं," काळू म्हणाला. "आपलं नशीबच असलं."

"नशीब कुठं आलं त्यात. गप बसा जरा."

टोकियोची हिरवी खूण विझली होती. तिनं पुन्हा दाबली, पेटेना. तिनं ॲप बंद केलं, उघडलं. गोल फिरत राहिला. काळू उठून दाराशी जाऊन आला, पुन्हा बसला. घड्याळाकडं तिनं मुद्दामच बघितलं नाही, पण दहा मिनिटं तरी गेली असतील. मग ती स्वतःशीच म्हणाली, "हा रस्ता बंद हाय. दुसरीकडनं जाऊ." आणि तिनं ओसाका दाबलं. पेठवरून बस नसली की दिंडोरीवरून जायचं, त्यात काय एवढं. हिरवी खूण आली. चॅनेल लागलं. पडद्यावर काय आलंय ते दिसायच्या आत वत्सलाबाईनं तळहातानं अर्धा पडदा झाकला आणि खालची रेघ बोटानं मागं ओढायला लागली.

"अगं, आता काय चाललंय ते तर बघू दे," काळू म्हणाला.

"आत्ताचं नंतर. आधी सुटलेलं."

"थेट हाय ना ते? मग मागं कसं जाईल?"

"जातं. मासेवाल्याच्या टायमाला शिकले." रेघ मागं आली. सोळा आकडा दिसला. तिनं तळहात काढला. पूजा मधल्या घोळक्यात, सहावी, मान ताठ. जगात ती शर्यत पुढं निघून गेली असेल, वत्सलाबाईच्या खोलीत ती जिथं तुटली तिथूनच पुढं सुरू झाली. बाईला स्वतःचाच मोठा अभिमान वाटला आणि तो तिनं लपवलाही नाही. "बघितलं ना," ती काळूला म्हणाली.

मग तेरा आकड्यापाशी ते झालं. घोळका वळणावर दाटला. पूजाच्या मागून येणाऱ्या पिवळ्या बनियनवालीचा पाय पूजाच्या टाचेवर पडला. पूजा पुढं झोकली गेली, पडता पडता सावरली, आणि तिच्या डाव्या पायातला बूट निसटून मागं घरंगळला. सगळ्या पोरी त्याला चुकवून पुढं गेल्या. पूजा दोन पावलं थांबली, मागं बघितलं, आणि तशीच निघाली. एका पायात बूट, एका पायात मोजा.

काळू उभाच राहिला. "थांब म्हणावं. घाल म्हणावं आधी."

"कुणाला सांगता?" वत्सलाबाईचा आवाज चिरकला.

पूजा मागं पडली. सातवी, नववी, मग सगळ्यात शेवटची. त्या मैदानाचा रंग तापलेल्या विटेसारखा होता. प्रत्येक डाव्या पावलाला तिचा खांदा किंचित वर उचलला जात होता. वत्सलाबाई आपला डावा पाय मांडीखाली दाबून बसली होती, आणि हे तिचं तिलाच कळलं नव्हतं. आता सोडेल, ती मनात म्हणत होती. आता बाजूला होईल. हो, बाई. कुणी काही म्हणणार नाही. पूजा बाजूला झाली नाही. नवाच्या आकड्यावर तिनं एकीला मागं टाकलं. सातवर दुसरीला.

आकडा पाचावर आला आणि पडद्याच्या वरच्या बाजूनं पट्टी उतरली. पूजा. फोन वाजत होता. खाली पूजा पळत होती, वर पूजा फोन करत होती, एक हिरवं बटण, एक लाल.

काळूचं तोंड उघडंच राहिलं. "ही हितं पळती, मग फोन कोण करतंय?" मग त्याचा चेहरा उतरला. "लागलं असंल तिला. दुसऱ्या कुणी केला असंल तिच्या फोनवरनं. उचल."

वत्सलाबाईला मात्र लगेच उलगडलं. आपण मागं आहोत. पोरगी कधीच पोचलीये. काय व्हायचं ते होऊन गेलंय, घाम पुसून ती आता फोन हातात घेऊन उभी आहे. उचलला तर चित्र बंद पडेल. आणि उचलला तर ती सांगेल, बरी झाली.

"उचल की," काळू म्हणाला.

"ती काय सांगनार ते मला माहीत हाय."

"पोरगी बोलवती आनि तू..."

"पोरगी पळती," वत्सलाबाई म्हणाली आणि लाल बटण दाबलं.

असं तिनं जन्मात केलं नव्हतं. मनमाडहून, दिल्लीहून, कुठूनही पूजाचा फोन आला की तव्यावर भाकरी करपत असली तरी ती पहिल्या घंटीला उचलायची. आता फोन तोडला. कुणाला माहीत, खरंच लागलं असेल. दवाखान्यात असेल. परक्या मुलखात, भाषा येत नाही, आई फोन तोडते. आकडा चार झाला. पट्टी पुन्हा उतरली. काळूनं हात पुढं केला, तिनं तो धरून खाली ठेवला. "तिनं सांगितलं की मी ऐकंन," ती म्हणाली, "आनि ऐकलं की मला खरं वाटंल. आजपर्यंत तेच केलं ना आपण. जरा धीर धरा. मलाबी धरवत नाय, तुम्हीबी धरा." आणि तिनं दुसऱ्यांदाही लाल बटण दाबलं. तिसऱ्यांदा पट्टी आली नाही. ते तर जास्तच वाईट वाटलं.

तीन. दोन. पूजा आता अकरावी होती, मग दहावी. मोज्याचा तळ लाल झाला होता. मैदानही लालच होतं, त्यामुळं तो लाल कशाचा हे नक्की सांगता येत नव्हतं, आणि दोघांनीही ते एकमेकांना विचारलं नाही. ती मध्येच मान वळवून मागं बघायची, पुन्हा पुढं. शेवटच्या फेरीची घंटा झाली. पूजानं एकीला ओलांडलं, सरळ पट्ट्यावर आणखी एकीला. जपानी माणसाचा आवाज पुढच्या दोघींसाठी वर चढला होता, त्याचं हिच्याकडं लक्ष नव्हतं. पूजा आठवी आली. रेघ ओलांडली, चार पावलं चालली, खाली बसली आणि दोन्ही हातांनी डावा पाय धरला. तेवढ्यात चित्र झेंडा घेतलेल्या पोरीकडं वळलं, ते परत आलं नाही.

आता वत्सलाबाईला रडू आलं. पदरानं तोंड पुसून तिनं ते आटपलं. काळू टोपी हातात फिरवत होता. "एवढं असतं व्हय," तो म्हणाला. "मला वाटलं नुसतं पळायचं असतं."

तिनं फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"कुठं होतीस, आई? दोनदा कट केलास."

"गिऱ्हाईक व्हतं."

"बरं. बरी झाली, आई. आठवी आले. हितं लय गार हाय हवा. जेवायला चांगलं देत्यात, भात असतो." मागं भोंग्यावर कुणीतरी नावं पुकारत होतं. "पप्पा जेवले का?"

"जेवले. पाय कसा हाय?"

"पाय मस्त हाय. पायाला काय झालंय."

वत्सलाबाईनं काळूकडं बघितलं. काळू मान खाली घालून बसला होता. तिनं क्षणभर विचार केला, की जाऊ दे. लांबून विचारून काय करणार आपण. तेल लावायला तरी हात पोचणार आहे का. पण बघितलेलं बघितलं होतं, ते गिळता येईना.

"डावा बूट गावला का?" तिनं विचारलं.

भोंगा चालू होता. मग पूजा हळूच म्हणाली, "कुणी सांगितलं तुला?"

"कोण सांगनार. त्या पिवळ्या बनियनवालीचा पाय पडला तुझ्या टाचंवर. मी बघत व्हते."

"सगळं?"

"पहिल्यापासनं. सगळं."

पूजा रडायला लागली. मोठ्यानं नाही, पण थांबेना. मग रडता रडताच सांगायला लागली. तळव्याची साल गेलीये, सहा दिवस पाय टेकवायचा नाही म्हणतात. दहा फेऱ्या राहिल्या तेव्हा सोडायचं ठरवलं होतं, पण बाजूला व्हायचं म्हणजे आत गवतात एकटीनं उभं राहायचं, सगळे बघणार, ते नको वाटलं. घोट्याचं झालं होतं तेव्हाही असंच वाटलं होतं. पोलंडला तर शेवटून दुसरी आली होती, खोलीत जाऊन जेवलीही नव्हती. एकेक जुनी बरी झालेली शर्यत ती उलगडत गेली. काळू फोनला कान लावून वाकून बसला होता. नुसतं ऐकत बसणं फार जड जात होतं, पण अंधारात बसून झुरण्यापेक्षा हे बरं, असं वत्सलाबाईला पहिल्यांदाच वाटलं. तिच्या आईला तिनं असं काही कधीच ऐकवलं नव्हतं, आणि आता आई राहिली नव्हती. तेही तिला तेव्हाच आठवलं.

पूजानं नाक ओढलं. "आई," तिनं विचारलं, "कशी पळाले मी?"

हा प्रश्न तिनं आजवर कधी विचारला नव्हता. विचारून उपयोगही नव्हता. वत्सलाबाईच्या ओठांवर नुसतं 'छान' आलं होतं, पण ते फार स्वस्त वाटलं. पोरगी एवढं खरं बोलल्यावर आपण खोटं कसं बोलायचं.

"पळालीस चांगली. तुझ्यासारखी कुणी पळाली नाय," ती म्हणाली. "पर शेवटाला घडीघडी मागं काय बघत व्हतीस? मागं कोण जवळ नव्हतं तुझ्या. तेवढ्यात पुढचीला गाठली असतीस."

पूजा एकदम हसली. रडतानाच हसली, त्यामुळं तिला ठसका लागला. "खरं हाय. सवय हाय मला ती," ती म्हणाली. "पुढच्या वेळी बघितलं तर तू ओरड माझ्यावर."

"ओरडीन की," वत्सलाबाई म्हणाली. "तुला ऐकू यायचं नाय, तरी ओरडीन."